लढाईची किल्ली कोणाच्या कनवटीला?

आमच्या गावाचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात राहिले आहे ते एका तहामुळे. शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते: ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी अंजनगावचा तह झाला. मुले ती ओळ पाठ करतात, परीक्षेत तिचे दोन गुण मिळवतात आणि शहानूरच्या पुलावरून घरी जाताना विसरून जातात. आम्हीही त्यातलेच. सातवीनंतर शाळा सुटली, जिनिंगमध्ये हमाली आली, पुढे मजुरांच्या युनियनचे काम गळ्यात पडले. वाचनाची गोडी लागली ती कामगार कायद्याची पुस्तके चाळता चाळता. त्यामुळे आमची एक खोड झाली आहे. कोणतीही घटना वाचली की आम्ही आधी विचारतो, हे करण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली घेतला होता?

हाच प्रश्न आम्ही आमच्या गावच्या तहाला विचारला, आणि जे हाती लागले ते चक्रावून टाकणारे होते. ज्या लढाईचा शेवट या गावात झाला, ती लढाई सुरू करण्याला इंग्रजांच्याच कायद्याने बंदी होती. बंदी गुळमुळीत नव्हती. पार्लमेंटने ती एकदा १७८४ साली घातली होती आणि १७९३ साली पुन्हा घातली होती. तरीही असई झाली, अडगाव झाले, गाविलगड पडला आणि इंग्रज सेनापतीची छावणी आमच्या गावाशी येऊन ठेपली. कायदा जागच्या जागी होता आणि तोफाही जागच्या जागी होत्या. हे कसे घडले, एवढेच या व्याख्यानात सांगायचे आहे.

सुरुवात थोडी मागून केली पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनी ही व्यापाऱ्यांची पेढी. पण तिच्यापाशी फौज होती, आणि तिचे मुख्य धनी लंडनमध्ये बसत. १७७३ साली पार्लमेंटने रेग्युलेटिंग ॲक्ट केला. त्याअन्वये मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांनी कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल व त्यांच्या कौन्सिलच्या संमतीवाचून लढाई करू नये किंवा तह करू नये असे ठरले. अपवाद दोनच: अगदी निकडीची वेळ आली तर, किंवा लंडनहून थेट हुकूम आला तर.

शाई वाळते न वाळते तोच मुंबईकरांनी हा नियम मोडला. पुण्यातून बाहेर पडलेले राघोबादादा त्यांच्या गळाला लागले. ६ मार्च १७७५ रोजी मुंबई सरकारने दादांशी सुरतेचा तह केला व त्यांना गादीवर बसवण्यासाठी फौज धाडली. कलकत्त्याच्या कौन्सिलने हा तह बेकायदा ठरवला आणि कर्नल अप्टनला पुण्याला पाठवले. १ मार्च १७७६ रोजी बारभाईंच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह झाला. इथपर्यंत कायद्याचा विजय झाला असे वाटते. पण गंमत पुढेच आहे. लंडनच्या डायरेक्टरांकडून पत्र आले, आणि त्यात सुरतेच्या तहाला पसंती होती! ज्यांनी लगाम हाती धरायचा त्यांनाच घोडा पळालेला आवडला होता. साष्टीसारखा मुलूख आयता हातात येत असेल तर तो कोणत्या धन्याला नको असतो? पुन्हा लढाई झाली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेला शरण यावे लागले, आणि अखेरीस १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला.

आता योगायोग पाहा. त्याच मे १७८२ मध्ये लंडनला हाऊस ऑफ कॉमन्सने एक ठराव केला. हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे व राज्य वाढवण्याचे बेत आखणे हे या राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला विरुद्ध आहे, असा त्या ठरावाचा आशय होता. दोन वर्षांनी पिटच्या इंडिया ॲक्टमध्ये हेच वाक्य कायद्याच्या अंगात शिवले गेले. गव्हर्नर जनरल व त्यांच्या कौन्सिलने डायरेक्टरांच्या किंवा त्यांच्या गुप्त समितीच्या स्पष्ट हुकुमाशिवाय एतद्देशीय राजांशी युद्ध पुकारू नये, युद्ध सुरू करू नये, युद्धासाठी तह करू नये, आणि कोणाच्या मुलखाची हमी घेणारा तहदेखील करू नये, असे कलम झाले. १७९३ च्या सनदी कायद्यात ते पुन्हा घातले गेले.

इंग्रजांना एकाएकी साधुत्व आले होते असे कोणी समजू नये. लढायांनी कंपनीचा खजिना रिता होत होता, कंपनी सरकारच्या दारात पैसे मागायला येत होती, आणि हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेले लोक पार्लमेंटमधल्या जागा विकत घेत होते. तिथल्या जुन्या घराण्यांना याची चीड होती. बर्कसारख्या काहींच्या मनात खरी कणवही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कायदा बहुधा एकट्या कणवेने होत नाही. किराणा दुकानदार, जमीनदार, सावकार, धर्मशील माणसे असे सगळे निरनिराळ्या कारणांनी एका बाजूला येतात तेव्हा तो होतो. आमच्या किमान वेतनाच्या कायद्याची कथा यापेक्षा वेगळी नाही.

त्या कलमाला एक शेपूट होते. इंग्रज राष्ट्राविरुद्ध किंवा ज्यांच्या संरक्षणाची हमी कंपनीने चालू तहाने घेतली आहे अशा राजांविरुद्ध शत्रूने प्रत्यक्ष लढाई सुरू केली असेल, अथवा लढाईची प्रत्यक्ष तयारी केली असेल, तर ही बंदी लागू नाही. आणि असे काही केले तर शक्य तितक्या लवकर त्याची सगळी हकीकत कारणांसह लंडनला कळवावी.

वाचताना हे शेपूट अगदी वाजवी वाटते. घरावर दरोडा आला तर लंडनच्या पत्राची वाट कोण पाहील? त्या काळी कलकत्त्याहून पत्र लंडनला जायला पाच-सहा महिने लागत आणि उत्तराला तितकेच. पण तयारी झाली की नाही हे ठरवायचे कोणी? ज्याला लढायचे आहे त्यानेच. आणि हमी कोणाला द्यायची? तेही बऱ्याच अंशी त्यानेच.

कायदा अगदीच निष्फळ होता असेही म्हणता येणार नाही. सर जॉन शोअर हा गव्हर्नर जनरल कायद्याला खरोखर भीत असे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या मैदानात मराठ्यांनी निजामाला घेरले तेव्हा निजामाने इंग्रजांकडे मदतीची याचना केली होती. शोअरने हात आखडता घेतला. खर्ड्याच्या विजयाचे पोवाडे आपण अभिमानाने ऐकतो. त्या विजयाला लंडनच्या एका कलमाचाही थोडा हातभार लागला होता, हे कोणी सांगत नाही.

पण १७९८ साली आला तो निराळ्याच मातीचा माणूस, रिचर्ड वेलस्ली, लॉर्ड मॉर्निंग्टन. वय अडतीस, महत्त्वाकांक्षा दांडगी. पहिल्याच वर्षभरात त्याने टिपूचा निकाल लावला. मराठ्यांच्या बाबतीत त्याला दार उघडून दिले ते आपल्याच लोकांनी. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस वारले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरे बाजीराव पळाले ते वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तेथे तह केला. सहा पलटणींची तैनाती फौज पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्यावाचून इतर कोणाशी लढाई किंवा बोलणी करायची नाहीत.

हे शेवटचे कलम थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मराठी राज्यात लढाई करण्याच्या अधिकारावर लेखी मर्यादा पडली ती अशी, परक्याच्या हातून. आपल्याकडे पेशव्याने लढाई करावी की नाही हे ठरवायला कोणती सभा होती? सवाई माधवरावांच्या लहानपणी बारभाईंनी एकत्र येऊन राघोबादादांना रोखले, ही आपल्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. एका धन्याच्या लहरीपेक्षा दहा कारभाऱ्यांची मसलत बरी, हे त्यांनी कृतीने दाखवले. पण ती माणसांची जूट होती. तिचा नियम झाला नाही, आणि माणसे गेली तशी तीही गेली. दौलतराव शिंदे विशीच्या आत गादीवर आले. लढायचे की नाही हे त्यांच्या डेऱ्यात ठरे, आणि रात्री ठरलेले सकाळी बदले. इंग्रजांनी आपला कायदा मोडला म्हणून आम्ही त्यांच्यावर बोट ठेवतो तेव्हा ही गोष्ट आमच्या मनाला टोचते. त्यांच्याकडे मोडायला कायदा तरी होता.

आता वेलस्लीची चलाखी ध्यानात येईल. वसईचा तह होताच पेशवा हा हमी घेतलेला राजा झाला. म्हणजे पेशव्याचे सरदार शिंदे आणि नागपूरकर भोसले हे आपल्याच धन्याच्या या तहावर रागावून एकत्र जमले, तर ती हमी घेतलेल्या राजाविरुद्धची तयारी! निजाम तर आधीच हमीत होता, आणि शिंदे-भोसल्यांच्या छावण्या पडल्या होत्या त्या निजामाच्या सरहद्दीजवळ, आपल्या या वऱ्हाडाच्या बाजूला. बंदीच्या कलमातून सुटण्यासाठी जो अपवाद लागतो तो आधी तहाने तयार करायचा आणि मग त्या अपवादावर बोट ठेवून लढायचे. असला तह करायलाही लंडनचा हुकूम लागत होता, पण वसईची शाई वाळून तो अंमलात आल्यावर हरकत घेणार कोण?

शिंदे-भोसले अगदी गरीब गाय होते असे आम्ही म्हणत नाही. होळकरांना आपल्याकडे ओढण्याची त्यांची खटपट चालली होती. पण आपल्या राज्याचा मुख्य आपल्याला न विचारता परक्याच्या ताब्यात गेला, तर सरदारांनी एकत्र बसून बोलायचेही नाही काय?

पुढची पायरी त्याहून गमतीची. २६ जून १८०३ रोजी गव्हर्नर जनरलने दक्षिणेतले सगळे लष्करी आणि राजकीय अधिकार आपला धाकटा भाऊ जनरल आर्थर वेलस्ली याच्याकडे सोपवले. तह करायचा की लढायचे, ते त्याने ठरवायचे. पार्लमेंटने जी किल्ली लंडनच्या पेटीत ठेवली होती ती आधी कलकत्त्याला आली, आणि कलकत्त्याहून आली ती चौतीस वर्षांच्या एका भावाच्या तंबूत.

त्या जुलै महिन्यात शिंद्यांच्या छावणीत कर्नल कॉलिन्स हा इंग्रजांचा वकील बसला होता. तो म्हणे, फौजा मागे घ्या. शिंदे-भोसले म्हणत, तुम्ही तुमच्या फौजा मागे घ्या, आम्ही आमच्या घेतो, दोघांनी एकाच दिवशी कूच करावे. आमच्यासारख्याला ही बोलणी फार ओळखीची वाटतात. मालक म्हणतो, आधी कामावर या, मग बोलू. आम्ही म्हणतो, आधी बोला, मग कामावर येऊ. असल्या बोलण्यात ज्याला मिटवायचे असते त्याला मार्ग सापडतो, आणि ज्याला मिटवायचे नसते त्याला मुदत सापडते. ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघाला. ते कळताच आर्थर वेलस्लीने शिंद्यांना लिहून टाकले की, आम्ही बरोबरीच्या अटींवर शांतता देऊ केली होती, तुम्ही लढाई पत्करलीत, परिणामांची जबाबदारी तुमची. अहमदनगरची पेठ ८ ऑगस्टला पडली आणि किल्ला १२ तारखेला. लंडनला या वेळी वसईच्या तहाचा अर्थही नीट लागलेला नव्हता.

पुढच्या लढाया आपल्या परिचयाच्या आहेत. २३ सप्टेंबरला असई झाली. तिथे एकट्या इंग्रजांकडचे पंधराशेंहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, आणि त्यांतले पुष्कळ मद्रासकडचे देशी शिपाई होते. उत्तरेत लेकने अलीगड, दिल्ली आणि लासवारी घेतली. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. ते अडगाव आज अकोला जिल्ह्यात आहे. मग फौजा सातपुड्याकडे वळल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. १७ तारखेला रघूजी भोसल्यांनी देवगावला तह केला, आणि १३ दिवसांनी शिंद्यांनी आमच्या गावी. इंग्रजी कागदांत या गावाचे नाव इतक्या तऱ्हांनी लिहिले आहे की काही वेळा ते आमचेच गाव आहे हे ओळखायला आम्हाला वेळ लागला.

शिंद्यांकडून बोलणी करायला जे आले त्यांत विठ्ठलपंत नावाचे वृद्ध कारभारी होते. जॉन माल्कम याच्या चरित्रात त्यांची एक आठवण आहे. पंतांच्या चेहऱ्यावर मनातले काहीच उमटत नसे, म्हणून माल्कमने पत्त्यांच्या एका इंग्रजी खेळावरून त्यांचे टोपणनाव ठेवले होते. पुढे आर्थर वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. फ्रान्सचा मुत्सद्दी तालेरां कसा आहे, असे कोणी त्याला विचारले. त्याने याच पंतांचे टोपणनाव घेतले आणि म्हणाला, त्यांच्यासारखा, पण इतका हुशार नाही. वाचून छाती फुगते खरी. पण पंतांच्या हातात त्या दिवशी पाने कोणती होती ते पाहा. गंगा-यमुनांमधला दुआब गेला, जयपूर-जोधपूर-गोहदच्या उत्तरेचा मुलूख गेला, भडोच गेले, अहमदनगर गेले, दिल्लीच्या बादशहावरचा हक्क सुटला. फ्रेंच माणूस चाकरीला ठेवायचा नाही हेही मान्य करावे लागले. परत मिळाले ते असीरगड, बऱ्हाणपूर, पावागड आणि दोहद.

आणि आपल्या वऱ्हाडाचे काय झाले? भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडचे वऱ्हाड सोडले. ते गेले निजामाकडे. गाविलगड व नरनाळा आणि लगतचा काही मुलूख तेवढा त्यांच्याकडे राहिला. १८५३ साली निजामाने कर्जाच्या व फौजेच्या खर्चापोटी हेच वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले, आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने देऊन टाकले. तीन धनी बदलले. अंजनगावच्या पानमळेवाल्याला, अचलपूरच्या विणकराला, दर्यापूरच्या कापूसवाल्याला एकदाही कोणी विचारले नाही. त्यात १८०३-०४ हे दक्षिणेत घोर दुष्काळाचे वर्ष. पाऊस गेला होता, आणि उरलेसुरले धान्य व वैरण फौजांच्या बैलांनी खाल्ले.

आता लंडनला जाऊ. कायदा मोडला त्याची शिक्षा काय झाली? मार्च १८०४ मध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष कॅसलरे याने वसईच्या तहावर आपले आक्षेप लिहून काढले. अशा दुबळ्या आणि मनातून नाखूष पेशव्याच्या हातून मराठी राज्य चालवणे कितपत जमेल, अशी त्याची शंका होती. शंका अचूक होती. पण तोवर आमच्या गावचा तह होऊन दोन महिने उलटले होते. जिंकलेल्या लढाईवर आक्षेप घेणे हे मोठे अवघड काम असते. पार्लमेंटने सेनापतींचे आभार मानले. डायरेक्टर चिडले होते, पण त्यांनी तयार केलेला ठपक्याचा मसुदा बोर्डाने तसा जाऊ दिला नाही.

फिलिप फ्रान्सिस मात्र उठला. हा तोच फ्रान्सिस, जो १७७५ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात बसून मुंबईकरांच्या सुरतेच्या तहाविरुद्ध होता आणि पुढे वॉरन हेस्टिंग्जशी पिस्तुलाचे द्वंद्व खेळला. माणूस द्वेष्टा म्हणून बदनाम होता, आणि त्या बदनामीत तथ्यही असावे. पण तीस वर्षांनी, एप्रिल १८०५ मध्ये, त्याने कॉमन्समध्ये मराठ्यांवरील युद्धाचा विषय काढला आणि सभागृहाला १७८२ च्या त्याच ठरावाची आठवण करून दिली. त्याच्या मागे फारसे कोणी गेले नाही. पुढे वेलस्लीवर अयोध्येच्या नबाबाच्या प्रकरणावरून दोषारोप आणण्याचा प्रयत्न झाला, तोही १८०८ साली फसला.

वेलस्लीला परत बोलावले गेले ते निराळ्या कारणाने. होळकरांशी लढाई लांबली, मॉन्सनची फौज पळत सुटली, भरतपूरचा किल्ला लेकला घेता आला नाही, आणि कंपनीचे कर्ज त्याच्या कारकीर्दीत सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांवरून ३ कोटींच्या वर गेले. जिंकत होता तोवर कायदा झोपला होता. पैसा संपला आणि हार दिसू लागली तेव्हा तो जागा झाला. १८०५ साली म्हाताऱ्या कॉर्नवॉलिसला धाडले, तो ऑक्टोबरात गाझीपूरला वारला, आणि बार्लोने घाईघाईने तह मिटवले. त्यात ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. आमच्या गावच्या तहातले एक कलम गव्हर्नर जनरलने ओढूनताणून लावले होते, ते असे दीड-दोन वर्षांनी सरळ झाले. आर्थर वेलस्लीचे मतही त्या बाबतीत शिंद्यांच्या बाजूचे होते, हे त्याच्या पदरी टाकले पाहिजे. दिलेल्या शब्दापुढे ग्वाल्हेरची काय किंमत, असे त्याचे म्हणणे होते.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही लबाड ठरू. आमच्या युनियनच्या घटनेत एक नियम होता: सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय संप पुकारू नये, परंतु मालकाने टाळेबंदी केली किंवा तिची तयारी चालवली असेल तर कार्यकारिणीला अधिकार राहील. एका हंगामात एका जिनिंगच्या फाटकावर नवे कुलूप आणून ठेवलेले दिसले. आम्ही म्हटले, ही तयारीच! रात्री पाच जणांनी बसून संप पुकारला. सभा घेतली असती तर हंगामाच्या ऐन तोंडावर निम्मे लोक नाही म्हणाले असते, आणि हे आम्हाला ठाऊक होते म्हणूनच आम्ही सभा घेतली नाही. संप तेवीस दिवस चालला आणि फसला. कुलूप जुने गंजले म्हणून आणले होते, हे मागाहून कळले. ज्या बायकांची मजुरी बुडाली त्यांनी आम्हाला एकच विचारले, "भाऊ, आमाले इचारलं काऊन नाही?" वेलस्लीवर रागावताना आम्हाला तो प्रश्न ऐकू येतो.

१८५७ नंतर कंपनी गेली. १८५८ च्या कायद्यात ग्लॅडस्टन यांच्या आग्रहाने एक नवे कलम आले. त्यात शहाणपण अधिक होते, कारण त्याने तलवारीऐवजी थैली धरली. हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेचा खर्च पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय हिंदुस्थानच्या महसुलावर टाकू नये. अपवाद, प्रत्यक्ष स्वारी परतवणे किंवा एकाएकी उद्भवलेली निकड. शेपूट पुन्हा आलेच. १८७८ साली लॉर्ड लिटनने अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या त्या नोव्हेंबरात, आणि पार्लमेंटची संमती घेतली डिसेंबरात. शिवाय संमती देणारे कोण? ज्यांच्या शेताचा सारा या मोहिमेत जाणार होता त्यांचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. १८९६ साली हिंदी फौज सुदानातल्या सुआकिनला नेली तेव्हा तिच्या नेहमीच्या खर्चाचा बोजा हिंदुस्थानवरच ठेवला, आणि त्याला खुद्द हिंदुस्थान सरकारने हरकत घेतली होती. पुढच्याच वर्षी वेल्बी कमिशनपुढे दादाभाई, गोखले आणि वाच्छा यांनी या खर्चांचा पाढा वाचला. गोखले तेव्हा तीस-एकतीस वर्षांचे होते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारले नाही, प्रांतांच्या मंत्रिमंडळांना विचारले नाही. २ ऑक्टोबरला मुंबईच्या सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. नोव्हेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडचे रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळही बाहेर पडले. वऱ्हाडाला लढाईबद्दल मत आहे, हे सरकारदरबारी नोंदले गेले ते बहुधा तेव्हा पहिल्यांदा.

स्वराज्यात हा प्रश्न सुटला असे आम्ही समजत होतो. आमच्या राज्यघटनेत केंद्राच्या यादीत "युद्ध व शांतता" एवढीच पंधरावी नोंद आहे. सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित व्हावा असे त्रेपन्नाव्या अनुच्छेदात म्हटले आहे. पण देशाबाहेर फौज धाडण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी असे कलम कोठे नाही. अंदाजपत्रक संसदेचे, आणीबाणीची मंजुरी संसदेची, अविश्वासाचा ठराव लोकसभेचा. हे लगाम आहेत, नाहीत असे नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात संसद लढाई चालू असताना भरली आणि तिथे सरकारला खरपूस ऐकावे लागले. पण जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेशी करार होताच फौज समुद्रापलीकडे गेली तेव्हा आधी मंजुरी घेण्याचे बंधन नव्हते, आणि ती घेतली गेली नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. दरम्यान अकराशेंहून अधिक जवान तिथे कामी आले.

अमेरिकेने व्हिएतनामच्या अनुभवानंतर नोव्हेंबर १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून एक कायदा केला. अध्यक्षाने फौज लढाईत घातली तर ४८ तासांत काँग्रेसला कळवावे, आणि ६० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर फौज मागे घ्यावी. १७८४ च्या कायद्यात आणि यात मोठा फरक आहे. तिथे नुसते कळवायचे होते, आणि गप्प बसणे म्हणजे मान्यता असे. इथे गप्प बसणे म्हणजे नकार. तरी २०११ साली लिबियावर विमाने धाडताना साठ दिवस उलटले तेव्हा सरकारने सांगितले की, या कायद्यात ज्याला लढाई म्हटले आहे तशी ही लढाईच नाही. वेलस्लीला "तयारी" हा शब्द पुरला होता, यांना "लढाई" हा पुरला. ब्रिटनमध्ये लेखी कायदा नसताना ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियाच्या प्रश्नावर कॉमन्सने २८५ विरुद्ध २७२ मतांनी नाही म्हटले, आणि पंतप्रधानांनी ते मानले. फ्रान्सिसला हे पाहायला मिळायला हवे होते.

आमच्या युनियनच्या त्या नियमात आम्ही पुढल्या वार्षिक सभेत दोन ओळी घातल्या. टाळेबंदीची तयारी आहे असे कार्यकारिणीला वाटले तर तिने संप पुकारावा, पण सात दिवसांत सर्वसाधारण सभेपुढे यावे. सभेने ठराव केला नाही तर आठव्या दिवशी संप आपोआप संपेल. सूचना त्या बायकांपैकीच एकीची होती. आमच्या टेबलावर १९७३ च्या कायद्याचे पुस्तक होते, तिने ते पाहिलेले नव्हते. या ओळी वापरायची वेळ त्यानंतर एकदाच आली. सहाव्या दिवशी सभा भरली, आणि संप चालू ठेवायचा ठराव एकवीस मतांनी पडला. आम्ही दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.